रोगाची जागा आणि माणसाची सवय

बेळगाव जिल्ह्यातील निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात तंबाखूचा बार भरणारा माणूस तो कोठे धरतो, हे त्याच्या चेहऱ्यावरूनही ओळखता येते. कोणाचा खालचा ओठ किंचित फुगलेला असतो, कोणाचा एक गाल. चुना लावून मळलेली ती चिमूट ओठ आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत बराच वेळ मुरत राहते आणि बहुतेकांची जागा व बाजू वर्षानुवर्षे तीच असते. बिडी ओढणाऱ्याच्या तोंडात असे मुक्कामाचे ठिकाण नसते; धूर मागे घशाकडे आणि पुढे श्वासनलिकेकडे जातो. या दोघांना कर्करोग झालाच, तर तो बहुधा वेगवेगळ्या जागी होतो. पहिल्याला तो गालाच्या आतल्या अस्तरावर किंवा हिरडीवर होतो, तर दुसऱ्याला जिभेच्या मुळाशी, घशात किंवा स्वरयंत्रात. रोगाची जागा आणि माणसाची सवय यांचा हा मेळ पद्धतशीरपणे दाखवून देणाऱ्यांमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा वाटा फार मोठा आहे. पिढ्यान्‌पिढ्या तंबाखू पिकवणाऱ्या आमच्या भागात हे नाव फारसे कोणी घेत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी झाला. त्यांच्या आडनावातले खानोली हे गाव वेंगुर्ले तालुक्यात आहे. बेळगावहून आंबोली घाट उतरणाऱ्यांना तो मुलूख परका नाही. त्यांनी लंडन विद्यापीठातून १९२३ साली विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी मिळवली आणि परत येऊन मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात व सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि त्याच्या प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली. विकृतिशास्त्रज्ञाची आणि रुग्णाची गाठ सहसा पडत नाही. शल्यविशारद गाठीचा तुकडा काढून पाठवतो, त्याचे कागदापेक्षाही पातळ काप काचपट्टीवर रंगवले जातात आणि विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकातून पाहून निर्णय देतो. पेशींची केंद्रके बेढब आणि गडद झाली आहेत काय, त्यांनी अस्तराखालचा पातळ पडदा ओलांडून आत शिरकाव केला आहे काय, एवढे सांगितले की त्याचे काम संपले असे मानण्याचा तो काळ होता. खानोलकरांनी मात्र काचपट्टीमागच्या माणसाची चौकशी आरंभली. हा रुग्ण काय खातो, काय चघळतो, काय ओढतो, कोणते वस्त्र कसे नेसतो, हे प्रश्न त्यांना पेशींच्या आकाराइतकेच महत्त्वाचे वाटले.

१९४४ साली त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. ‘सलग’ हा शब्द येथे मोलाचा आहे, कारण निवडक आणि विलक्षण रुग्णांचीच माहिती दिली तर सर्वसाधारण चित्र कळत नाही. त्यानंतरच्या वर्षी त्यांनी सूर्याबाई या सहकारी संशोधिकेसह चालीरीतींशी निगडित अशा तीन प्रकारच्या कर्करोगांचे वर्णन केले. एक होता तंबाखू व चुना एकत्र मळून ओठामागे धरणाऱ्यांचा. दुसरा होता आंध्राच्या किनाऱ्यावरील लोकांचा, विशेषतः स्त्रियांचा, ज्या ‘चुट्टा’ नावाची जाड विडी जळते टोक तोंडात धरून ओढतात. तेथे रोग टाळूच्या कठीण भागावर उद्‌भवतो, आणि ही जागा जगात इतरत्र क्वचितच कर्करोगाची ठरते. तिसरा प्रकार धोतराचा. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट आवळलेल्या कापडाने त्वचा एकाच रेषेवर घासली जाते, आधी तिचा रंग बदलतो, मग खवले आणि भेगा पडतात, आणि फार थोड्या लोकांत पुढे त्या न भरणाऱ्या जखमेचा कर्करोग होतो. साडीच्या किंवा परकराच्या नाडीमुळे झालेले असेच रुग्ण पुढील काळात वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. हा कर्करोग अतिशय दुर्मीळ आहे, म्हणून लुगडे नेसणाऱ्या कोणाही आजीने घाबरण्याचे कारण नाही. नाडी सैल बांधावी, वण दिसला तर दाखवावा, एवढे पुरे. खानोलकरांना मात्र त्यातून मोठी गोष्ट सापडली होती. ज्या जागी त्रास सतत होतो त्याच जागी रोग येत असेल, तर तो रोग नशिबाने किंवा पूर्वसंचिताने आलेला नाही, आणि त्याचे कारण दूर करता येण्याजोगे आहे.

तरीही एका रुग्णालयातील रुग्णांची यादी म्हणजे पुरावा नव्हे. तंबाखू इतकी सर्वत्र खाल्ली जात असताना, कर्करोगाचे रुग्ण तंबाखू खाणारेच निघणार, असा आक्षेप कोणीही घेऊ शकला असता. त्याचे उत्तर म्हणजे तुलना. ज्यांना रोग आहे आणि ज्यांना तो नाही, अशा दोन्ही गटांच्या सवयी विचारायच्या आणि फरक मोजायचा. इंग्लंडमध्ये डॉल आणि हिल यांनी १९५० साली धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध याच मार्गाने दाखवला होता. मुंबईत एल. डी. संघवी, राव आणि खानोलकर यांनी ओढण्याची आणि चघळण्याची तंबाखू वेगवेगळी तपासली, आणि त्यांचा निबंध १९५५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. चघळण्याचा संबंध मुखपोकळीशी, तर बिडीचा संबंध त्यामागील घशाच्या भागाशी अधिक दिसला. त्या वेळी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातच होता. तो म्हैसूर राज्यात गेला १ नोव्हेंबर १९५६ रोजी. म्हणजे हे संशोधन ज्या राज्यात झाले, त्याच राज्याचे आपण तेव्हा रहिवासी होतो.

आता चुन्याकडे वळू, कारण आमच्याकडे चंचीत तंबाखूइतकेच महत्त्व चुन्याच्या डबीला आहे. मराठीत चुना, कन्नडमध्ये सुण्णा, काम एकच. चुना अल्कधर्मी असतो, आणि अल्कधर्मी द्रवात निकोटीनचे रूप असे बदलते की ते तोंडाच्या अस्तरातून झपाट्याने रक्तात उतरते. चुन्यावाचून तंबाखूला ‘चव नाही’ असे म्हणणारा माणूस खरे तर निकोटीनच्या या वेगाविषयी बोलत असतो. निकोटीन सवय जडवते. कर्करोगाचे मुख्य काम दुसऱ्या द्रव्यांचे. तंबाखूचे पान वाळताना, मुरताना आणि साठवणीत असताना त्यातील निकोटीनसारख्या द्रव्यांपासून नायट्रोसामाइने तयार होतात. आपल्या पेशी या परक्या द्रव्याचा निचरा करू पाहतात आणि त्या खटाटोपात त्याचे रूपांतर अधिक आक्रमक रसायनात होते, जे थेट डीएनएला चिकटते. तोंडाचे अस्तर सतत झडते आणि नवे होते. प्रत्येक वेळी डीएनएची नक्कल काढावी लागते, आणि चिकटलेल्या जागी नक्कल चुकते. बहुतेक चुका दुरुस्त होतात किंवा बिघडलेली पेशी मरते. पेशींच्या वाढीला लगाम घालणाऱ्या जनुकांतच चुका साचत गेल्या, तर ती पेशी वाढत राहते. चुना अस्तर भाजून काढतो, म्हणून नव्या पेशी अधिक वेगाने जन्मतात आणि चुकांना अधिक संधी मिळते. या सगळ्याला दहा, वीस, कधी तीस वर्षे लागतात. म्हणूनच ‘आमचा आजोबा नव्वद वर्षे खात होता’ असे सांगणारा प्रत्येक घरात भेटतो, आणि गेलेल्यांच्या वतीने बोलणारा कोणी नसतो.

सुपारीची गोष्ट वेगळी सांगावी लागते, कारण तंबाखू नसलेली सुपारी निरुपद्रवी असते असा समज फार खोलवर रुजला आहे. तिच्यातील अरेकोलीन हे द्रव्य गालाखालच्या ऊतींत तंतूंची अनाठायी वाढ घडवते, गाल चामड्यासारखे ताठ होतात आणि तोंड उघडेनासे होते. या विकाराला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नाव मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली दिले. आपली तीन बोटे उभी करून दातांमध्ये जात नसतील, तिखट घास लागताच जळजळ होत असेल, तर ती याची खूण समजावी. गेलेली लवचिकता पुरती परत येत नाही आणि पुढे कर्करोगाचा धोकाही वाढलेला राहतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला स्वतंत्रपणे, तंबाखूशिवायही, मानवी कर्करोगकारक ठरवले आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून आणि कर्नाटकात २०१३ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी पानमसाल्याची एक आणि तंबाखूची एक अशा दोन पुड्या शेजारीशेजारी लटकतात आणि गिऱ्हाईक त्या तळहातावर एक करते. शाळेतील मुलांच्या हातात त्या पाहिल्या की जीव तुटतो.

या भागात तंबाखूविरुद्ध बोलणे सोपे नाही, हे मी जाणतो. निपाणीची वखार म्हणजे हजारो घरांची चूल आहे. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी येथील शेतकरी राष्ट्रीय महामार्गावर ठाण मांडून बसले आणि पोलिसांच्या गोळीबारात त्यांतील काहींनी प्राण गमावले. त्या बलिदानाची आठवण येथे आजही ताजी आहे. वखारीत तंबाखू कांडणाऱ्या आणि चाळणाऱ्या बायांच्या नाकातोंडात दिवसभर भुकटी जाते, ती न खाताही. ओल्या पानांची खुडणी करताना निकोटीन हातांच्या त्वचेतूनही शिरते आणि मळमळ, चक्कर, डोकेदुखी होते, हे शास्त्राने नीट नोंदवलेले आहे. ज्या पानाने मुलीचे लग्न करून दिले त्या पानाला शिवी द्या, असे कोणी सांगू नये. मात्र पिकवणाऱ्याला आणि चाळणारीला त्या पानाची पूर्ण माहिती मिळण्याचा हक्क ग्राहकाइतकाच आहे, आणि पुडीवरचे चित्र छापून तो हक्क पुरा होतो असे मला वाटत नाही.

खानोलकरांनी माणसे घडवली, हेही सांगितले पाहिजे. १९५२ साली त्यांनी मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे केले. पेशी शरीराबाहेर वाढवण्याची प्रयोगशाळा तेथे डॉ. कमल रणदिवे यांनी उभारली, ज्यांनी खानोलकरांच्याच मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली होती. याच सुमारास, १९५१ साली, डॉ. जस्सावाला आणि नवल टाटा यांनी इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापली आणि १९६३ मध्ये मुंबईत रुग्णांची लोकसंख्येवर आधारलेली नोंद सुरू झाली. रोग मोजल्याशिवाय जागृती हवेत विरते. खानोलकर २९ ऑक्टोबर १९७८ रोजी निवर्तले.

त्यांनी विचारलेला प्रश्न पुढे गावागावांत गेला. पुणे जिल्ह्यातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासणारी पाहणी डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी १९७२ साली प्रसिद्ध केली. नंतर तीन राज्यांतील सुमारे ३६,००० तंबाखू सेवन करणाऱ्यांना घरोघर जाऊन समजावण्याचा प्रयोग झाला, आणि ज्यांनी सवय सोडली किंवा बरीच कमी केली त्यांच्यात तोंडातील पांढरे चट्टे नव्याने उठण्याचे प्रमाण स्पष्टपणे घटले. केरळमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी केवळ उजेडात तोंड पाहण्याचा कार्यक्रम राबवला, तेव्हा तंबाखू किंवा दारूचे सेवन करणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. त्यासाठी मोठे यंत्र लागले नाही. आरशासमोर उभे राहून ओठ उलटावा, दोन्ही गाल ताणून पाहावेत, जीभ वर उचलून तिच्या खाली व कडेला पाहावे. पांढरा किंवा लाल चट्टा, अथवा तीन आठवड्यांत न भरलेला व्रण दिसला तर दुखण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. सुरुवातीचा कर्करोग बहुधा दुखतच नाही. तुकडा काढला की रोग पसरतो, या भीतीने कित्येक जण महिनेच्या महिने काढतात. तुकड्याच्या तपासणीने रोग पसरत नाही, दिरंगाईने मात्र वाढतो. सोडायची इच्छा असलेल्यांसाठी १८००-११-२३५६ हा सरकारचा विनाशुल्क क्रमांक आहे.

माझी आजी मिसरी लावायची. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करायची आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ हिरडीवर चोळायची; दात साफ होतात, असे तिचे म्हणणे. निपाणीच्या एका दंतवैद्याने तोंड उघडायला सांगण्याआधी तिला विचारले, “आजी, मिसरी कुठं दाबून ठेवता?” तिने बोट खालच्या ओठाच्या डाव्या बाजूला टेकवले. ओठ उलटला तेव्हा नेमका तेथेच सुरकुतलेला पांढरा चट्टा होता. तुकडा मिरजेला तपासला, कर्करोग नव्हता. डॉक्टरांनी तिला काचपट्टीवर काय दिसले ते मराठीत आणि थोडे कन्नडमध्ये सांगितले, आणि तिने मिसरीचा तवा परसात नेऊन पालथा घातला. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तो चट्टा जवळजवळ विरला होता.