होबी १६ आणि फॉर्म्युला १६ : आकडा एक, बोटी दोन

हौशी कॅटॅमरान, म्हणजे दोन धडांच्या शिडाच्या बोटी, चालवणाऱ्यांच्या बोलण्यात ‘सोळा’ हा आकडा सतत येतो, आणि ऐकणारा नवखा असेल तर तो हमखास गोंधळतो. होबी १६ आणि फॉर्म्युला १६ या दोन्ही बोटी सुमारे पाच मीटर, म्हणजे सोळा फुटांच्या आसपास लांब असतात. दोन्हींना दोन हल, म्हणजे पाण्यावर तरंगणारी लांबट पोकळ धडे, मधे ताणलेले ट्रॅम्पोलीन, म्हणजे बसायचे कापड, एक डोलकाठी आणि दोन सुकाणू असतात, आणि दोन्ही साधारणपणे दोघांनी चालवायच्या असतात. दुरून पाहणाऱ्याला त्या एकाच कारखान्यातल्या जुन्या व नव्या आवृत्त्या वाटल्या तर त्यात नवल नाही. प्रत्यक्षात त्यांच्या रचनेमागचा विचार इतका वेगळा आहे की एकीवर अंगवळणी पडलेल्या काही सवयी दुसरीवर नडतात.

आधी थोडी वंशावळ पाहू. कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या होबी अल्टर यांनी १९६८ साली होबी १४ ही एकट्याने चालवायची बोट आणली आणि १९७० च्या सुमारास तिची थोरली बहीण, होबी १६, बाजारात आली. या बोटींचे मूळ हवाईत आहे. तिथे वूडी ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४७ साली ‘मानू काई’ नावाची कॅटॅमरान बांधली होती. तिचे हल असममित होते, म्हणजे प्रत्येक हलची आतली आणि बाहेरची बाजू वेगवेगळ्या वळणाची होती. वाळूवरून थेट फुटत्या लाटांमध्ये शिरायचे आणि परत वाळूवरच येऊन थांबायचे, ही त्या बोटीकडून अपेक्षा होती. होबी १६ ने हीच अपेक्षा अंगी बाणवली आणि ती इतकी लोकप्रिय झाली की आजवर तिच्या एक लाखाहून अधिक प्रती बनल्या आहेत. ग्वांगझू येथील २०१० च्या आणि इंचॉन येथील २०१४ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतही तिच्या शर्यती झाल्या.

फॉर्म्युला १६ ही एखाद्या विशिष्ट बोटीची ओळख नसून ते एका नियमावलीचे नाव आहे. लांबी जास्तीत जास्त ५ मीटर, रुंदी जास्तीत जास्त २.५ मीटर, दोघांच्या बोटीचे वजन किमान १०७ किलो आणि शिडांच्या क्षेत्रफळाला ठरावीक कमाल मर्यादा, एवढी चौकट पाळली की हलचा आकार काय ठेवायचा हे बांधणाऱ्याने ठरवायचे. त्यामुळे नाक्राची एफ१६, ऑस्ट्रेलियातली वायपर, ब्लेड, फाल्कन अशा निरनिराळ्या बोटी एकाच वर्गात धावू शकतात. होबी १६ च्या वर्गात याच्या नेमके उलट असते, कारण तिथे सगळ्या बोटी शक्य तितक्या एकसारख्या असाव्यात यावरच कटाक्ष असतो. होबी १६ च्या जागतिक स्पर्धेत तर आयोजकच बोटी पुरवतात आणि स्पर्धक त्या आलटून पालटून वापरतात.

यावरून होबी जुनी आणि फॉर्म्युला नवी असे समीकरण कोणी मांडेल, पण कालक्रम त्याला पुरती साथ देत नाही. सममित हल आणि पाण्यात उतरवायचा उभा फळा ही आज ‘आधुनिक’ समजली जाणारी जोडी रॉडनी मार्च यांच्या टोर्नेडो या बोटीत १९६७ सालीच होती, म्हणजे होबी १६ च्याही आधी. हीच टोर्नेडो १९७६ ते २००८ पर्यंत ऑलिंपिकमध्ये होती आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ती स्पिनेकर, म्हणजे वाऱ्याबरोबर जाताना उघडायचे फुगीर शीड, लावून धावली. फॉर्म्युला १६ चे नाते या घराण्याशी जुळते. तेव्हा खरा भेद किनाऱ्यासाठी घडलेल्या घराण्यात आणि शर्यतीच्या पाण्यासाठी घडलेल्या घराण्यात आहे, आणि सालांपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो.

या भेदाचे मर्म एका प्रश्नात सापडते : वारा बोटीला आडवे ढकलतो तेव्हा तिला धरून कोण ठेवते? कोकण-गोव्याकडच्या उलांडीच्या होडीत मुख्य होडी एक आणि तोल सांभाळणारे लाकूड दुसरे, अशी कामाची वाटणी असते. कॅटॅमरानमध्ये मात्र दोन्ही हल तुल्यबळ असतात, त्यामुळे हे काम एकतर हलच्या आकाराने करायचे किंवा हलमधून खाली सोडलेल्या फळ्याने, म्हणजे डॅगरबोर्डने. होबी १६ ने पहिला मार्ग घेतला. तिच्या हलची बाहेरची बाजू चपटी आणि आतली फुगीर असते. वाऱ्यापलीकडचा हल दाबाने खोल जातो, त्याची फुगीर बाजू वाऱ्याकडे असते आणि पंखाप्रमाणे तो बोटीला वाऱ्याच्या दिशेने ओढून धरतो. मात्र दोन्ही हल सारखेच पाण्यात असले की त्यांची ओढ परस्परविरुद्ध होते आणि तेवढा विरोध फुकट वाढतो. म्हणून या बोटीत वाऱ्याकडचा हल पाण्याबाहेर जेमतेम उचललेला ठेवणे केवळ शोभेचे नसते. बाजूने पाहिले तर हल केळ्यासारखा वाकलेला दिसतो, कारण घसरण अडवायला मध्यभागी खोली हवी असते, पण दोन्ही टोके वर असल्याखेरीज बोट लाटांवरून आणि वाळूवरून सहज सरकत नाही.

डॅगरबोर्ड असलेल्या बोटीत हल या जबाबदारीतून मोकळा होतो. तो सममित, अरुंद आणि लांबीभर बराचसा सरळ ठेवता येतो, आणि घसरण रोखण्याचे काम ज्याचा छेदच त्यासाठी घडवलेला आहे अशा पातळ फळ्याकडे जाते. त्यामुळे फॉर्म्युला १६ वाऱ्याच्या तोंडाशी अधिक जवळचा कोन धरू शकते. होबी १६ ला तसा कोन धरायला लावले तर ती मंदावते आणि आडवी घसरू लागते, म्हणून तिला वाऱ्यापासून थोडी दूर वळवून वेगात ठेवणेच शहाणपणाचे ठरते. फळ्याची किंमत किनाऱ्यावर चुकवावी लागते. उथळ पाणी येण्यापूर्वी तो आठवणीने वर ओढावा लागतो, कारण वेगात वाळूच्या दांड्यावर तो आदळला तर फळा आणि तो ज्या खाचेत बसतो ती खाच, दोन्हींना इजा होते. होबीच्या चालकाला सुकाणूची पाती वर उचलण्यापलीकडे फारशी चिंता नसते.

बोट वाऱ्याच्या तोंडातून वळवताना हा फरक हाताला जाणवतो. होबी १६ कडे फळ्याचा आस नाही आणि पूर्ण पट्ट्या घातलेले मोठे शीड तिला पुन्हा वाऱ्याकडे तोंड करायला लावते, म्हणून ती अर्ध्या वळणात अडकते अशी तिची ख्याती आहे. यावरचा उपाय म्हणजे पुढच्या लहान शिडाला, म्हणजे जिबला, जुन्याच बाजूला थोडे धरून ठेवायचे, वारा त्यात उलटा भरून नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, पलीकडे ढकलेपर्यंत थांबायचे आणि मोठ्या शिडाची दोरी ढिली सोडायची. फॉर्म्युला १६ फळ्याभोवती वळत असल्याने तिथे एवढी मनधरणी करावी लागत नाही. माझ्या मते होबीवर शिकण्याचा मोठा लाभ इथेच आहे, कारण चुकीचे वळण ती पोटात घालत नाही.

नाळेची गोष्ट याहून गंभीर आहे. होबी १६ च्या हलच्या पुढच्या टोकात तरंगशक्ती कमी असते. जोराच्या झोताबरोबर वाऱ्यापलीकडची नाळ पाण्यात घुसली की तिचा सपाट माथा पाणी अडवतो, बोट एकाएकी थबकते आणि मागची बाजू वर उचलली जाऊन सगळेच पुढे कोलमडतात. म्हणून वारा वाढला की दोघांनी मागे सरकणे हा तिच्यावरचा पहिला धडा असतो. शर्यतीच्या घराण्यातल्या नव्या बोटींत नाळ उभी किंवा किंचित मागे कललेली, धारदार आणि वरून निमुळती असते. ती लाटेवर चढण्यापेक्षा लाटेतून आरपार जाते आणि पुढच्या भागातील जास्त आकारमानामुळे पुन्हा वर येते. ती कधी कोलमडत नाही असे मात्र नाही. चुकीला थोडी अधिक सवलत मिळते आणि त्या सवलतीचा बराचसा भाग चालक अधिक वेगात खर्च करतो.

शिडांची तुलना वाटते तितकी सरळ नाही. होबी १६ चे वजन सुमारे १४५ किलो असून तिचे मोठे शीड आणि जिब मिळून सुमारे २० चौरस मीटर भरते. फॉर्म्युला १६ मध्ये मोठ्या शिडाला १५ आणि जिबला ३.७ चौरस मीटरची मर्यादा आहे. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या असल्या तरी नव्या बोटीचा वेग केवळ जास्त कापडातून येत नाही, एवढे यावरून कळते. तो येतो कमी वजनातून, वाऱ्याला साजेशी वाकणाऱ्या डोलकाठीतून आणि वाऱ्याबरोबर जाताना उघडणाऱ्या साडेसतरा चौरस मीटरच्या स्पिनेकरमधून. शीड खाली ताणणाऱ्या दोरीला अनेक कप्प्यांची ताकद दिलेली असते, त्यामुळे ती ओढली की डोलकाठी वाकते, शिडाचा वरचा भाग चपटा होतो आणि सुसाट वाऱ्यातही बोट आवाक्यात राहते. होबीची डोलकाठी त्या मानाने ताठ आणि बरीच मागे झुकलेली असते. तिच्यावर वाऱ्याचा जोर कमी करायचा तर मोठ्या शिडाची दोरी, तिची सरकती घोडी, म्हणजे त्या दोरीचे टोक आडवे सरकवणारा भाग, आणि चालकांचे वजन हीच मुख्य साधने उरतात.

स्पिनेकर चढवल्यावर हाताची सवयही उलटी करावी लागते. वाऱ्याकडे जाताना झोत आला तर शीड ढिले करणे किंवा नाळ वाऱ्याकडे वळवणे स्वाभाविक असते. स्पिनेकरखाली मात्र झोत आला की नाळ वाऱ्यापासून दूर न्यावी लागते. जुन्या सवयीने ती वाऱ्याकडे वळवणारा हमखास पाण्यात जातो. होबी १६ लाही स्पिनेकरचा संच मिळतो आणि तो तरुणांच्या शर्यतींत वापरला जातो, पण तो बसवल्याने तिची फॉर्म्युला १६ होत नाही, कारण हल, नाळ आणि वजन तेच राहते.

माणसांच्या वजनाचा हिशेबही वेगळा आहे. होबी १६ च्या शर्यतीत दोघांचे मिळून किमान वजन सुमारे १२९ किलो असावे लागते, आणि उलटलेली होबी सरळ करायला एकटी हलकी व्यक्ती बहुधा अपुरी पडते. फॉर्म्युला १६ जिब काढून एकट्यानेही चालवता येते आणि त्या वर्गात एकट्यांच्या बोटींनाही स्थान आहे. हिच्या मर्यादा आखतानाच असा हेतू होता की तिने आकाराने मोठ्या फॉर्म्युला १८ शी वेळेची सूट न घेता बरोबरीने धावावे.

सर्व नव्या रचना शर्यतीकडेच झुकल्या, असेही नाही. मोरेली आणि मेल्विन या जोडीने १९९४ साली रचलेली होबी वेव्ह साचात फिरवून घडवलेल्या प्लॅस्टिकची आहे. ती डॅगरबोर्डशिवाय चालते आणि वाळूवरचे ओढणे-आपटणे निमूट सोसते. सुट्टीत मुलाबाळांना घेऊन फिरायचे असेल तर वर वर्णन केलेल्या दोन्ही सोळांपेक्षा तिचा विचार आधी करावा, असे मी म्हणेन.

जुनी बोट विकत घेताना हाच भेद तपासणीची दिशा ठरवतो. होबी १६ चे ट्रॅम्पोलीन हलपासून उंच खांबांवर उचललेले असते आणि सगळा ताण त्या खांबांपाशी एकवटतो. म्हणून पुढच्या खांबाच्या आसपास आणि त्यापुढच्या माथ्यावर बोटांनी दाबून व ठोकून पाहावे, कारण मऊ लागणारी किंवा बद्द आवाज करणारी जागा म्हणजे आतले थर सुटल्याची खूण असते. हलचा तळ वाळूने किती झिजला आहे तेही पाहावे. फॉर्म्युला १६ मध्ये डॅगरबोर्डच्या खाचेतून हलमध्ये पाणी झिरपते का आणि फळ्याच्या कडा शाबूत आहेत का हे पाहावे, आणि कार्बनची डोलकाठी असेल तर तिच्यावर तडे आहेत का तेही नीट न्याहाळावे. होबी १६ च्या डोलकाठीचा वरचा भाग विजेच्या तारांचा धोका टाळण्यासाठी अमेरिकेत काचतंतूंचा करण्यात आला. कार्बन मात्र वीज वाहून नेतो, त्यामुळे डोलकाठी उभी ठेवून बोट ढकलताना वर तारा आहेत का हे फॉर्म्युला १६ च्या मालकाला नेहमी पाहावे लागते, आणि अ‍ॅल्युमिनियमचा अखंड दांडा असलेल्या जुन्या होबीच्या मालकालाही.