भातानंतर वाल, वांग्यानंतर काय?

ठाणे जिल्ह्यात मुरबाड-शहापूरकडे उन्हाळी वांग्याच्या मळ्यात एखादं भरात आलेलं झाड अचानक मान टाकतं. पानं पिवळी पडलेली नसतात, त्यांवर डाग नसतात. हिरवंगार झाड दुपारी कोमेजतं, पहाटे थोडं सावरल्यासारखं वाटतं आणि काही दिवसांत संपतं. शेतकरी आधी पाणी वाढवतो, मग बुडाशी बुरशीनाशक ओततो. दोन्हींचा उपयोग होत नाही.

झाड असं कोमेजून मरण्याच्या रोगाला ‘मर’ म्हणतात. मरीचा हा कोणता प्रकार आहे ते घरच्या घरी ओळखता येतं. जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर तुकडा धारदार सुरीने कापायचा आणि कापलेलं टोक बुडेल असा, स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात न हलवता धरायचा. काही मिनिटांत त्या टोकातून दुधाळ धागे पाण्यात उतरू लागले, तर ती जिवाणूजन्य मर. ते धागे म्हणजे राल्स्टोनिया सोलॅनेसिअरम या जिवाणूंचे अक्षरशः लोट असतात. एर्विन स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८९६मध्ये त्याचं वर्णन केलं. आज तो २००हून अधिक वनस्पतींना ग्रासू शकतो हे माहीत आहे. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा हे त्याचे नेहमीचे बळी, पण आलंही त्यातून सुटत नाही.

मुळाला झालेल्या बारीकशा जखमेतून तो आत शिरतो, पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत वाढतो आणि त्याच्या चिकट स्रावाने त्या नळ्या गाळ बसलेल्या पाइपसारख्या तुंबतात. जमिनीत पाणी असूनही झाड तहानेने मरतं. बुरशीनाशक जिवाणूवर चालत नाही, आणि खोडाच्या आत बसलेल्या जिवाणूपर्यंत बाहेरून काही पोचवणं अवघडच. झाड मेल्यावर तो पुन्हा मातीत उतरतो. कोकणची उष्ण, दमट हवा आणि आम्लधर्मी माती त्याला मानवते. म्हणून या रोगावर जाणकारांचा पहिला सल्ला औषधाचा नसून पिकांच्या फेरपालटीचा असतो.

फेरपालटीचं नेहमी सांगितलं जाणारं कारण सोपं आहे: रोगाच्या जंतूला त्याचं आवडतं पीक मिळालं नाही की तो उपाशी राहतो आणि त्याची संख्या घटते. हे खरं आहे, पण मला यापेक्षा महत्त्वाचा वाटतो तो मातीतल्या उरलेल्या जिवाणूंवर होणारा परिणाम. त्यांची संख्या प्रचंड आहे आणि त्यांतले बहुतेक झाडाचे शत्रू नाहीत.

झाड पानांत तयार केलेल्या अन्नाचा बराच वाटा मुळांवाटे मातीत सोडतं. त्यात साखर असते, अमिनो आम्लं असतात, सेंद्रिय आम्लं असतात. मुळालगतच्या त्या काही मिलिमीटर मातीत जिवाणूंची गर्दी इतर मातीपेक्षा कितीतरी जास्त असते. जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर याने १९०४मध्ये या पट्ट्याला ‘ऱ्हायझोस्फिअर’ असं नाव दिलं. प्रत्येक पिकाचा स्राव वेगळा असतो, म्हणून भाताच्या मुळाशी जमणारे जिवाणू वेगळे, वालाच्या मुळाशी जमणारे वेगळे.

या गर्दीत राखणदारही असतात. फ्लुरोसंट स्यूडोमोनास गटातले जिवाणू लोह पकडणारे रेणू सोडतात. लोह सगळ्यांनाच लागतं आणि मातीत ते सहज मिळत नाही. स्यूडोमोनासने ते आधी उचललं की रोगजंतूंच्या वाट्याला कमी उरतं. यांतले काही जिवाणू बुरशीला मारक रसायनंही तयार करतात. बॅसिलस हा जिवाणू हे काम वेगळ्या रसायनांनी करतो, शिवाय दिवस वाईट आले की जाड कवचाचे बीजाणू बनवून तग धरतो. पहिल्या पावसात मातीचा जो वास येतो तो मुख्यतः स्ट्रेप्टोमायसीस गटाच्या जिवाणूंमुळे. स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविकही याच गटातून १९४३मध्ये मिळालं. काही जिवाणू तर रोगजंतूला हातही लावत नाहीत. मुळाशी त्यांची चाहूल लागली की झाडाची स्वतःचीच प्रतिकारव्यवस्था पानांपर्यंत जागी होते.

एकाच जागी दरवर्षी एकच पीक घेतलं की मातीला दरवर्षी तेच अन्न मिळतं. त्यावर जगणारे थोडेच प्रकार माजतात आणि त्यांच्यात त्या पिकाचे रोगजंतूही असतात. फेरपालटीवरच्या १२२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४मध्ये प्रसिद्ध झाला. फेरपालटीत दुसरं पीक आलं की मातीतल्या सूक्ष्मजीवांमध्ये साठलेला कार्बन सरासरी २० टक्क्यांनी वाढलेला त्यात दिसला. म्हणजे मातीत जिवंत ऐवजच वाढला. गर्दी वाढली की बाहेरून आलेल्या रोगजंतूला अन्न आणि जागा दोन्हींसाठी झगडावं लागतं.

आता आपल्या ठाणे जिल्ह्यातलं जुनं चक्र पाहा. पावसाळ्यात खाचरात भात, कापणी झाली की मागे राहिलेल्या ओलाव्यावर वाल. जिवाणूंच्या दृष्टीने यापेक्षा टोकाचा बदल शोधून सापडणार नाही.

चिखलणी करून खाचरात पाणी कोंडलं की मातीतले सूक्ष्मजीव तिथला ऑक्सिजन एक-दोन दिवसांतच संपवतात. मग ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्यांचं राज्य सुरू होतं. ते श्वसनासाठी आधी नायट्रेट, मग मँगनीज आणि लोह, मग सल्फेट वापरतात; शेवटी मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात. लोहाच्या या उलथापालथीत आम्ल खर्च होतं आणि आपली आंबट माती काही महिने उदासीनतेकडे सरकते. भाताच्या पोकळ ऊतींमधून हवा मुळांपर्यंत उतरते आणि थोडी बाहेर झिरपते, त्यामुळे मुळाभोवती लोहाचा गंज चढतो. भाताचं रोप उपटून धुऊन पाहिलं तर हा तांबूस लेप डोळ्यांनी दिसतो.

भाजीपाल्याच्या बऱ्याच रोगांना हा मुक्काम सोसत नाही. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमी, म्हणजे मातीतले धाग्यासारखे अतिसूक्ष्म कृमी, कमी होतात, फ्युजेरियम बुरशीने येणारी मर घटते, राल्स्टोनियाची संख्याही उतरते. सूत्रकृमी घटल्या की मुळांवरच्या जखमा घटतात, म्हणजे राल्स्टोनियाची आत शिरायची दारंही कमी होतात. भात हे राल्स्टोनियाचं पीक नसल्यामुळे चार महिने त्याला भाताचा काहीच फायदा होत नाही. मात्र तो समूळ जात नाही. बांधावरच्या तणांच्या मुळांत तो दबा धरतो आणि वरच्या खाचरातून खालच्या खाचरात वाहणाऱ्या पाण्याबरोबर प्रवास करतो. तेव्हा वरच्या शेतात मर असेल तर खालच्याने फेरपालट करूनही सावध राहायला हवं.

मग वाल येतो. माती पुन्हा हवा घेऊ लागलेली असते आणि वालाच्या मुळांवर जिवाणूंच्या गाठी धरतात. त्यांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला देतात. मार्टिनस बेयेरिंक याने १८८८मध्ये असे जिवाणू गाठींमधून वेगळे केले. या गाठी सूत्रकृमींच्या गाठींसारख्या नसतात: त्या मुळाच्या कडेला चिकटलेल्या असतात आणि बोटाने सहज सुटतात, सूत्रकृमींची गाठ म्हणजे मूळच फुगलेलं असतं. एक गाठ नखाने फोडून बघा. आत गुलाबी-लाल असेल तर ती काम करते आहे. हा रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जवळच्या नात्यातल्या प्रथिनाचा. आत पांढरी किंवा हिरवट असेल तर ती अजून तयार नाही, नाहीतर थकलेली आहे. वालाला चवळीच्या गटातले जिवाणू चालतात, म्हणून जिथे चवळी, तूर, मूग होत आले आहेत तिथे ते बहुधा आधीपासून असतात. युरिया जास्त टाकला तर मात्र झाड गाठी धरायचं कमी करतं.

वालाचा बेवड, म्हणजे पुढच्या पिकासाठी मातीत मागे राहणारा कस, चांगला असं म्हणताना एक गोष्ट विसरली जाते. शेंगा पोपटीच्या मडक्यात किंवा बाजारात जाणार हे ठीकच, पण झाडं मुळासकट उपटून नेली तर मातीच्या वाट्याला फारसं काही उरत नाही. ती जमिनीलगत कापावीत. मुळं आणि पालापाचोळा शेतातच कुजला पाहिजे.

या सगळ्याला छेद देणारी एक गोष्टही विज्ञानाला ठाऊक आहे, आणि ती लपवून फेरपालटीची बाजू मांडणं मला बरोबर वाटत नाही. गव्हाला मुळं काळी पाडणारा ‘टेक-ऑल’ नावाचा बुरशीजन्य रोग होतो. गव्हावर गहू घेत गेलं की पहिली काही वर्षं तो वाढतो आणि मग आपोआप ओसरतो. त्या मातीत बुरशीला मारणारं रसायन बनवणारे स्यूडोमोनास जमा झालेले असतात. मधेच दुसरं पीक घेतलं तर हे संरक्षण ढिलं पडू शकतं. म्हणजे राखणदार एकाच पिकाच्या सहवासातही तयार होतात. पण त्याआधी रोगाची काही वर्षं सोसावी लागतात, आणि वांग्याच्या मरीत अशी आपोआप सुटका होईल यावर विसंबून राहण्यासारखं काही नाही.

राखणदार मातीत खरोखर जिवंत असतात याचा चांगला पुरावा नेदरलँड्समधल्या बीटच्या शेतांतून मिळाला. रायझोक्टोनिया बुरशी असूनही तिथल्या काही मातीत बीट आजारी पडत नव्हतं. ती माती ८० अंशांपर्यंत तापवली की हा गुण नाहीसा झाला, आणि तिचा एक भाग रोगट मातीच्या नऊ भागांत मिसळला की तिथे तो थोडाफार उतरला. २०११च्या त्या अभ्यासात बीटच्या मुळांशी ३३ हजारांहून अधिक प्रकारचे सूक्ष्मजीव मोजले गेले. कृषी सेवा केंद्रातून आणलेली स्यूडोमोनासची पुडी उपाशी मातीत एकदा टाकून हे साधत नाही, ते यामुळेच. ती जरूर वापरावी, बियाण्याला दर किलोस १० ग्रॅम चोळावी किंवा चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून द्यावी. त्या जिवाणूंना पुढे खायला काय मिळणार, ते मात्र पीकच ठरवतं.

विहीर, बोअर आणि ठिबकने जिल्ह्यात बारमाही भाजीपाला शक्य झाला, वाशीचा बाजार हाकेच्या अंतरावर आहे आणि शहापूर-मुरबाडची भेंडी परदेशी जाते. पैसा भाजीत आहे, तेव्हा भाजी सोडा असं कोणी सांगू नये. फेरपालट मात्र पिकाच्या नावाने न करता कुळाने करायला हवी. वांग्यानंतर टोमॅटो किंवा मिरची घेतली तर राल्स्टोनियाच्या लेखी काहीच बदललं नाही. वांग्यानंतर पावसाळ्यात पाणी धरणारा भात, मग वाल किंवा चवळी, त्यानंतर काकडी-दुधीसारखा वेल किंवा भेंडी, असा क्रम धरता येतो. सूत्रकृमी फार असतील तर भेंडी आणि वेल दोन्ही त्यांना बळी पडतात. तिथे मधे झेंडू घ्यावा. त्याच्या मुळांतली द्रव्यं सूत्रकृमींना मारक असतात, आणि फुलं विकली जातात हा वेगळा फायदा.

भेंडीच्या पिवळ्या शिरांच्या रोगावर मात्र फेरपालटीचा इलाज लागू होत नाही. तो विषाणूचा रोग आहे, पांढरी माशी तो पसरवते आणि तो मातीतून येत नाही. तिथे प्रतिकारक वाण आणि माशीचा बंदोबस्त हेच पाहावं लागतं.

ठाण्या-नवी मुंबईत गॅलरीत टोमॅटो-मिरची लावणाऱ्यांना हाच नियम जास्त कडक लागू होतो, कारण कुंडीतली माती थोडी आणि राखणदारही थोडे. टोमॅटो मरीने गेला तर ती माती दुसऱ्या कुंडीत मिसळू नका आणि तिथलं खुरपं धुतल्याशिवाय फिरवू नका. एप्रिल-मेच्या उन्हात ती ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे ठेवा. उष्णतेने चांगले जिवाणूही मरतात, म्हणून नंतर शेणखत किंवा गांडूळखत घालून आधी मेथी, मग चवळी घ्या. त्या कुंडीत टोमॅटो, मिरची किंवा वांगं निदान दोन वर्षं तरी लावू नका.