नेरळहून वर : माथेरानच्या छोट्या गाडीमागचा इतिहास

माथेरानला स्वतःची गाडी दारापर्यंत नेता येत नाही. मुंबईहून कर्जत लोकलने नेरळला उतरायचं, मिनी ट्रेनची तिकिटं मिळाली तर उत्तम, नाहीतर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जायचं. तिथून पुढे पायी, घोड्यावर, नाहीतर अमन लॉज स्टेशनातून शटलने. आजी-आजोबा, लहान मुलं, बॅगा, खाऊचे डबे असं सगळं लटांबर घेऊन निघालेल्या कुटुंबाला हा मोठा व्याप वाटतो. माझं मत स्पष्ट आहे : माथेरान आज हिरवं आहे ते बऱ्याच अंशी या व्यापामुळे. तो एका दिवसात किंवा एका कायद्याने आलेला नाही. त्याच्यामागे पावणेदोनशे वर्षं आहेत.

मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट चौक गावाकडून हा डोंगर चढून आले. इंग्रजी नोंदींत याला ‘शोध’ म्हटलं जातं आणि आपणही तोच शब्द उचलतो, पण डोंगरावर आणि त्याच्या कुशीत धनगर, ठाकर, कातकरी आधीपासून होते. वाटा त्यांच्या होत्या, झरे त्यांना ठाऊक होते. मॅलेट यांनी पाहिलं ते वेगळ्या नजरेने. मुंबईच्या उन्हाळ्याने हैराण झालेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी महाबळेश्वर १८२८-२९ पासून वसवलं जात होतं, पण ते लांब होतं. इथे सुमारे ८०० मीटर उंचीवर, मुंबईपासून एका दिवसाच्या टप्प्यात, गर्द सावली आणि थंड वारा होता. मॅलेट यांनी लगेच वर घर बांधलं. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या जागेत लक्ष घातलं आणि माथेरानचं गिरिस्थान म्हणून रूप ठरू लागलं. लुइसा, अलेक्झांडर, पॅनोरमा या पॉइंटांची आणि शार्लोट तलावाची नावं त्या काळाची खूण आहेत. त्याच शार्लोट तलावाकाठी पिसारनाथाचं देऊळ आहे, स्थानिकांचं ग्रामदैवत.

दुसरी गोष्ट खाली सपाटीवर घडत होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत, १८५४ मध्ये कल्याणपर्यंत आणि १८५६ मध्ये नेरळवरून थेट खोपोलीपर्यंत पोचली. मुंबईकर नेरळपर्यंत काही तासांत येऊ लागला, पण पुढचा डोंगर तसाच राहिला. तो चढायचा तर घोडा, पालखी, खुर्ची किंवा स्वतःचे पाय. श्रीमंत बायका आणि मुलं माणसांच्या खांद्यांवरून वर जात. जवळजवळ पन्नास वर्षं माथेरानची सहल ही अशी होती आणि तिचं ओझं अक्षरशः खालच्या गावांतल्या गरिबांनी उचललं. गिरिस्थानांचे इतिहास वाचताना बंगल्यांची वर्णनं पानोपानी सापडतात, या खांद्यांचा उल्लेख मात्र एखाद्या ओळीत उरकलेला असतो. मला ते खटकतं.

रेल्वे वर नेण्याचं श्रेय सरकारचं नाही, एका दाऊदी बोहरा कुटुंबाचं आहे. सर आदमजी पीरभॉय हे मुंबईतले मोठे उद्योजक आणि दानशूर गृहस्थ. माथेरानमध्ये एक गोष्ट आवर्जून सांगितली जाते : आदमजी एकदा नेरळला उतरले, वर जायला वाहन मिळालं नाही, आणि वैतागून त्यांनी ठरवलं की इथे आता रेल्वेच बांधायची. गोष्ट जशीच्या तशी घडली असो वा नसो, पैसा त्यांनी घातला हे खरं. मुलगा अब्दुल हुसेन यांनी १९०० च्या सुमारास आखणी सुरू केली, १९०४ मध्ये बांधकामाला हात घातला आणि २२ मार्च १९०७ रोजी गाडी सुरू झाली. खर्च आला सोळा लाख रुपये. त्या काळच्या सोळा लाखांची किंमत लक्षात घेतली तर एका खाजगी घराण्याने डोंगरावर केवढी रक्कम लावली हे कळतं.

सल्लागार अभियंता होते एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हे नाव सोलापूरकडच्या वाचकांना परकं वाटू नये. १८९७ मध्ये सुरू झालेली आणि १९०६ मध्ये पंढरपूरपर्यंत नेलेली बार्शी लाइट रेल्वे त्यांचीच. बार्शीत त्यांनी अडीच फुटी रूळ वापरले होते, माथेरानला दोन फुटी. कारण डोंगरातच होतं. रूळ जितके जवळ तितकं वळण घट्ट घेता येतं, आणि वळण घट्ट घेता आलं की खडक फोडणं, बोगदे खणणं, पूल बांधणं कमी होतं. नेरळ ते माथेरान सुमारे २१ किलोमीटरच्या वाटेवर बोगदा एकच आहे, तोही इतका छोटा की त्याला ‘वन किस टनेल’ म्हणतात. काही घाटांत गाडी पुढे जाऊन पुन्हा उलटी ढकलत वरच्या टप्प्यावर घ्यावी लागते. इथे तसं करायचं नाही असं ठरवून घोड्याच्या नालेसारखे मोठे भराव घातले आणि गाडी सलग वळत वर जाईल अशी सोय केली. चढ काही ठिकाणी वीसास एक, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर.

एवढ्या चढावर, एवढ्या वळणांवर नेहमीचं इंजिन अडकलं असतं. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीकडून चार वाफेची इंजिनं आणली. त्यांना चाकांच्या तीन जोड्या होत्या, आणि पहिल्या व शेवटच्या जोडीला वळणात थोडं तिरकं होण्याची मुभा दिलेली होती. त्यामुळे लहानसं पण ताकदवान इंजिन रुळाला धरून वळत असे. ही इंजिनं १९८२ पर्यंत या मार्गावर चालली, मग डिझेल आलं. उतरताना वेग आवरायला डब्यांवर ब्रेकवाले असत आणि हाताने ब्रेक आवळत. वर जायला आजही अडीच तासांच्या आसपास लागतात. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज या तीन थांब्यांवर मुलं खाली उतरून हुंदडतात. लोकलमध्ये तीच मुलं दहा मिनिटांत कंटाळतात आणि या गाडीत नाही, कारण बाहेरचं झाड हाताच्या अंतरावर असतं आणि गाडी ते बघू देते.

माथेरान फक्त पाहुण्यांचं गाव नाही. १ डिसेंबर १९१२ रोजी इथल्या एका गरीब नाभिक कुटुंबात विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. वकील झाले, माथेरान नगरपालिकेत उपाध्यक्ष झाले, डोंगराखालच्या आदिवासी आणि शेतकऱ्यांसाठी धान्य कोठ्या उभ्या केल्या. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या ‘आझाद दस्ता’ या क्रांतिकारी गटाने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या रानात पोलिसांच्या गोळीबारात भाई कोतवाल हुतात्मा झाले. सहलीला नेलेल्या मुलांना पॉइंट दाखवताना या माणसाबद्दल जरूर सांगावं.

मोटारींना वर बंदी ही जुनी रीत. घाटरस्ता दस्तुरी नाक्यापर्यंत आला, तरी नाक्याच्या आत मोटार आली नाही. ४ फेब्रुवारी २००३ रोजी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने माथेरान आणि भोवतालचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला आणि या रीतीला कायद्याचं पाठबळ मिळालं. लाल जांभ्याची माती, वरचं सदाहरित रान, शेकरू, हे सारं या नाक्याने राखलं आहे.

आणि म्हणूनच गाडी बंद पडते तेव्हा काळजी वाटते. गाडी बंद असली की लोक यायचे थांबत नाहीत, ते मोटारीने येतात, आणि सगळा भार त्या एका नाक्यावर पडतो. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मार्ग उखडला, तो शताब्दीच्या वर्षी, २००७ मध्ये, पुन्हा सुरू झाला. मे २०१६ मध्ये डबे घसरण्याचे दोन प्रकार घडले आणि सेवा थांबवली. अमन लॉज ते माथेरान शटल ऑक्टोबर २०१७ मध्ये आणि नेरळपासूनची गाडी जानेवारी २०१८ मध्ये परतली. २०१९ च्या पावसात पुन्हा भराव वाहून गेले आणि नेरळची मुलं २२ ऑक्टोबर २०२२ पर्यंत नुसते रूळ बघत राहिली. दरवर्षीच्या पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा बंद ठेवतात आणि वर शटल चालू राहते. जुलैत धुकं बघायला जाणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात ठेवावं, म्हणजे स्टेशनवर मुलांची समजूत काढत बसावं लागणार नाही.

दार्जिलिंगची गाडी १९९९ मध्ये, निलगिरीची २००५ मध्ये आणि कालका-शिमला २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. माथेरान अजून प्रस्तावित यादीतच आहे. मला त्या पाटीपेक्षा भरावांची डागडुजी, गटारं आणि दरडी रोखणाऱ्या भिंती जास्त महत्त्वाच्या वाटतात. पाटी लागली आणि गाडी तीन वर्षं बंद राहिली, तर नेरळच्या दुकानदाराला आणि वरच्या हॉटेलवाल्याला तिचा काय उपयोग?

खांद्यांचा प्रश्न मात्र गाडी आल्यावरही सुटला नव्हता. पालख्या गेल्या, त्यांच्या जागी माणसाने ओढायच्या हातरिक्षा आल्या आणि त्या एकविसाव्या शतकातही चालू राहिल्या. चढावर एक माणूस पुढे ओढतो, दुसरे मागून ढकलतात, आत आपल्यातलंच कोणी बसलेलं असतं. डिसेंबर २०२२ मध्ये इथे प्रायोगिक ई-रिक्षा सुरू झाल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा ही प्रथा मानवी प्रतिष्ठेच्या विरोधात असल्याचं सांगून ती सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळतील अशी योजना राबवण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. त्याच निकालात, मातीच्या रस्त्यांवर पेव्हर ब्लॉक (सिमेंटच्या फरशा) बसवायचे की नाही, हा वादही मिटवला : दस्तुरी नाक्यापासून छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ते चालतील, आतले रस्ते आणि घोड्यांच्या वाटा यांवर नाही.