सीसी नंतर बघा, आधी बाईक उचलून बघा

आमच्याकडे अ‍ॅडव्हेंचर बाईकना (खराब रस्त्यांवरच्या लांब प्रवासाच्या बाईक) क्रॅशगार्ड, सामानाचे रॅक बसवणं आणि सस्पेन्शन सेट करणं ही कामं होतात, त्यामुळे "कोणती बाईक घेऊ?" हे विचारणारे सारखे येतात आणि सुरुवात बहुतेक सीसीपासूनच करतात. आम्ही आधी दोनच गोष्टी विचारतो. तुमच्या ट्रिपमधला सगळ्यात वाईट रस्ता कसा असेल, आणि तिथे बाईक पडली तर एकट्याने उभी करता येईल का?

कारण ती पडतेच, खडीवर, वाळूत, कधी कधी तर नुसती थांबवताना पाय घसरला म्हणूनही. सुझुकी डीआर ६५० साधारण १६६ किलोची, रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० ही १९६ किलोची, यामाहा टेनेरे ७०० सुमारे २०५ किलोची आणि बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस २४९ किलोची, आणि हे सगळं सामान लादायच्या आधीचं वजन. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर काढा, गिअर टाका, हँडल जमिनीकडे पूर्ण वळवा, मग सीटला पाठ टेकवून खाली बसा, एका हाताने हँडल, दुसऱ्याने रॅक धरा आणि पायांच्या जोरावर छोटी छोटी पावलं मागे टाकत उठा. कमरेने उचलायला गेलात तर ट्रिप तिथेच संपेल. टेस्ट राइड घेताना हे पण करून बघायला मागा, प्लीज.

जड बाईक वाईट असं अजिबात नाही हं. दिवसभर हायवे, मागे जोडीदार, समोरून वारा, तिथे जीएससारखी गाडी खूप कमी दमवते, शिवाय शाफ्ट ड्राइव्ह आहे, म्हणजे मागचं चाक चेनऐवजी दांड्याने फिरतं, त्यामुळे चेन साफ करा, ऑइल लावा ही कटकट नाही. रस्ता बहुतेक डांबरीच असेल तर सुझुकी व्ही-स्ट्रॉम ६५० सारखी १९ इंची पुढच्या चाकाची गाडी वळणांवर छान वळते. दगडधोंड्यांत मात्र २१ इंची चाक खड्ड्यात कमी अडकतं, हा फरक पहिल्याच दिवशी हाताला कळतो.

टाकी बघा. कावासाकी केएलआर ६५० मध्ये २३ लिटर बसतं, डीआरमध्ये १३, म्हणजे लांबच्या निर्जन रस्त्याला डीआरवाल्याने कॅन किंवा मोठी टाकी लावायचीच. डीआरचं इंजिन हवा आणि ऑइलने थंड होतं (एअर-ऑइल कूल्ड), त्यामुळे दगड लागून फुटायला रेडिएटर नाही, पण कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग) असल्याने उंचावर हवा विरळ झाली की मिक्स्चर रिच होऊन (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त पडून) गाडी मरगळते. केएलआरला २०२२ च्या मॉडेलपासून फ्युएल इंजेक्शन आलंय, म्हणजे पेट्रोल इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मोजून सोडलं जातं. चाकात ट्यूब असेल तर टायर काढायचा लिव्हर, ट्यूब, पंप सोबत ठेवा आणि घरी एकदा तरी पंक्चर स्वतः काढून बघा.

बाईक कुठलीही घ्या, सस्पेन्शन तुमच्या वजनाला सेट करा. तुम्ही पूर्ण सामान घेऊन बसल्यावर मागचं सस्पेन्शन त्याच्या एकूण ट्रॅव्हलच्या (ते जास्तीत जास्त जितकं दबू शकतं त्या अंतराच्या) साधारण एक तृतीयांश दबलं पाहिजे. जास्त दबलं तर खड्ड्यात तळ लागतो आणि पुढचं टोक हलकं होऊन हँडल भरकटतं. मोजायला १० मिनिटं लागतात, फक्त येताना तुमचे बूट, जॅकेट आणि ट्रिपला नेणार ते सगळं सामान आणा, रिकाम्या बाईकवर घेतलेलं माप आम्ही धरत नाही.