नेपथ्याच्या संगणकीय आराखड्यात पोत चढवताना

नेपथ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उभी केलेली भिंत सुरुवातीला करड्या पुठ्ठ्यासारखी दिसते. तिची वीट, लाकूड किंवा सोललेला गिलावा होतो तो टेक्श्चरमुळे, म्हणजे तिच्यावर चढवलेल्या चित्रामुळे. वक्र पृष्ठभागावर असं चित्र बसवण्याची रीत एडविन कॅटमल यांनी 1974 साली युटा विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात मांडली. तत्त्व आजही तेच आहे. पृष्ठभागावरच्या प्रत्येक बिंदूला यू आणि व्ही असे दोन आकडे मिळतात आणि चित्राच्या कोणत्या ठिकाणचा रंग तिथे घ्यायचा ते त्यांवरून ठरतं. चित्राची रुंदी 0 ते 1, उंचीही 0 ते 1.

पहिली चूक होते ती मापात. समजा, विटांच्या छायाचित्रात 1 मीटर बाय 1 मीटर भिंत आहे आणि आपला फ्लॅट, म्हणजे मंचावर उभी करायची नेपथ्याची सपाट चौकट, 6 मीटर रुंद, 4 मीटर उंच आहे. बरीचशी सॉफ्टवेअर ते एकच चित्र फ्लॅटभर ताणतात. 20 सेंटिमीटरची वीट मग 120 सेंटिमीटरची होते! इथे आडवी पुनरावृत्ती 6 आणि उभी 4 द्यायची. प्रत्यक्ष माप भरायची सोय असेल तर सरळ 1 मीटर लिहावं. डोळ्यांच्या अंदाजाने चित्र ओढत बसू नये, कारण याच आराखड्यावरून रंगकाम करणारे विटा आखणार असतात. नंतर फ्लॅट ओढून 9 मीटरचा केला तर विटाही दीडपट लांबतात. तेव्हा वस्तूचं माप पक्कं करून टेक्श्चर नव्याने बसवावं.

चित्र कोणत्या दिशेने टाकायचं, हे वस्तूच्या आकारावर ठरतं. सपाट पडद्याला समोरून टाकलेलं चित्र पुरतं. तेच चौथऱ्यावर वापरलं तर बाजूंवर लांबच लांब रेघा उमटतात, कारण खोलीच्या दिशेने चित्रातला तोच रंग पुन्हा पुन्हा घेतला जातो. चौथरे आणि पायऱ्यांसाठी पेटीसारखं, सहा बाजूंनी टाकणं योग्य. मात्र लाकडाच्या रेषा फळीच्या लांबीने जातात की नाही, ते प्रत्येक बाजूला पाहावं आणि गरज पडेल तिथे चित्र 90 अंशांनी फिरवावं. खांबाला चित्र गुंडाळावं लागतं. 60 सेंटिमीटर व्यासाच्या खांबाचा घेर 188.5 सेंटिमीटर येतो. 1 मीटर रुंदीचं चित्र त्यावर 1.885 वेळा बसतं आणि मागे सांधा तुटतो. पुनरावृत्ती पूर्ण 2 करावी आणि उंचीही त्याच प्रमाणात, सुमारे 6 टक्क्यांनी, कमी करावी. एवढा फरक प्रेक्षागृहातून कळत नाही, तुटलेला सांधा मात्र फिरत्या रंगमंचावर लगेच दिसतो.

सर्वांत जास्त काळजी प्रकाशाची घ्यावी. उन्हात काढलेल्या छायाचित्रात विटांच्या सावल्या चित्रातच गोठलेल्या असतात. ऊन डावीकडून आलेलं आणि मंचावरचा दिवा उजवीकडे असला की भिंत खोटी वाटते. म्हणून छायाचित्र ढगाळ उजेडात, भिंतीच्या अगदी समोरून घ्यावं. खडबडीतपणा वेगळ्या मॅपने, म्हणजे रंगाऐवजी पृष्ठभागाची माहिती देणाऱ्या चित्राने द्यावा. पृष्ठभाग प्रत्यक्ष न हलवता फक्त त्याची प्रकाशाकडे असलेली दिशा बदलून उंचसखलपणा भासवायची युक्ती जिम ब्लिन यांनी 1978 साली मांडली. ही दिशा चित्रात साठवणारा नॉर्मल मॅप हे तिचंच पुढचं रूप. भास असल्यामुळे कडा सपाटच राहतात. दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त उठाव हवा असेल तर तो आकारातच घडवावा.

नॉर्मल मॅपचा निळसर रंग हा रंग नव्हे, ती आकडेवारी आहे. रंगाचे आकडे 0 ते 255 असे असतात. त्यातला 128 म्हणजे ‘मध्य’, सुमारे 0.5. सॉफ्टवेअरने तो रंग समजून वाचला तर 0.5 च्या जागी सुमारे 0.22 मिळतो आणि अख्खी भिंत एका बाजूला कलल्यासारखी उजळते. त्या फाइलला ‘रंग नसलेली माहिती’ हा पर्याय निवडावा. खाचांच्या जागी फुगवटे दिसत असतील तर हिरवा चॅनल, म्हणजे त्या चित्रातले हिरव्याचे आकडे, उलटे करावेत.

पांढऱ्यासाठी 255 नको. चांगला पांढरा रंगही साधारण 80 ते 90 टक्केच प्रकाश परतवतो, म्हणून 230 च्या आसपास थांबावं. काळ्या पडद्याला 0 दिलं तर कितीही दिवे लावा, चुण्या दिसणारच नाहीत. 25 ते 30 ठेवावं. जाळीच्या पडद्याला पारदर्शकता लागते आणि ती जेपीजीमध्ये साठवता येत नाही, पीएनजी घ्यावी.

चित्र मोठं असलं की चांगलंच दिसतं, असंही नाही. 4096 बाय 4096 पिक्सेलचं चित्र डिस्कवर तीन-चार एमबी असलं तरी उलगडून ग्राफिक्स कार्डात 64 एमबी जागा घेतं. 12 मीटरच्या मागच्या पडद्यावर ते मीटरला 341 पिक्सेल देतं. पण पूर्ण पडदा 1920 पिक्सेल रुंदीच्या दृश्यातच मावणार असेल तर 2048 चं चित्र पुरतं. दूरच्या बारीक विटा चमचमत असतील तर मिपमॅप सुरू करावा. 1983 साली लान्स विल्यम्स यांनी मांडलेल्या या पद्धतीत चित्राच्या निम्म्या-निम्म्या होत जाणाऱ्या प्रती आधीच तयार ठेवतात; जागा फक्त एक तृतीयांशाने वाढते.

आराखडा दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर भिंती करड्या किंवा भडक गुलाबी दिसल्या तर बहुधा चित्रं हरवलेली असतात, कारण आराखड्यात अनेकदा त्यांचा फक्त पत्ता साठवलेला असतो. सगळी चित्रं आराखड्याशेजारच्या एकाच फोल्डरमध्ये ठेवून तिथूनच जोडावीत आणि प्रकाशयोजनाकाराला तो फोल्डर अख्खा पाठवावा.