ट्रस्टची ठेव कुठे ठेवायची? पैसे हलवण्याआधी वाचा

"आम्ही व्यसनमुक्तीचं काम करतो. आमच्या ठेवीतून दारूच्या कारखान्याला कर्ज जात असेल तर?" हा प्रश्न आता बरेच विश्वस्त विचारतात. तो विचारायलाच हवा. मात्र अनेकजण आधी पैसे हलवतात आणि आम्हाला, म्हणजे ट्रस्टचे हिशेब पाहणाऱ्यांना, मार्चमध्ये हिशेब बंद करताना कळवतात.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो पतसंस्थेतल्या ठेवींपायी. पतसंस्था गावातली, कर्जं बचत गटांना आणि शेतकऱ्यांना, शिवाय एखादे विश्वस्त तिथे संचालकही असतात. हेतू चांगला असतो, पण पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 35 प्रमाणे ट्रस्टचा पैसा शेड्युल्ड (रिझर्व्ह बँकेच्या अनुसूचीतल्या) बँकेत, पोस्टात, सरकारी रोख्यांत किंवा राज्य शासनाने त्यासाठी मान्यता दिलेल्या सहकारी बँकेत ठेवायचा असतो. वेगळं काही करायचं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी घ्यावी लागते. ती नसेल तर ऑडिटरला अहवालात तसं नमूद करावंच लागतं. "एवढं गाळा" असं कृपया सांगू नका. मग ठेव मोडणं, व्याज कापून घेणं, खुलासे लिहिणं यात महिने जातात. आयकर सवलतीलाही धोका पोहोचतो.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. बँकेतल्या ठेवीला व्याजासह 5 लाखांपर्यंत विमा असतो, तोही बँकेगणिक, शाखेगणिक नाही. पतसंस्थेतल्या ठेवीला हे संरक्षण नाही.

मग आपला पैसा आपल्या मूल्यांविरुद्ध जात नाही ना, हे कुठे पाहायचं? मोठ्या बँका संकेतस्थळावर 'पिलर थ्री' नावाची माहिती देतात. त्यात कोणत्या उद्योगाला किती कर्ज आहे याचा तक्ता असतो. 'बेव्हरेजेस अँड टोबॅको', खाणकाम, कोळसा अशी शीर्षकं शोधा. शीतपेयंही 'बेव्हरेजेस'मध्येच मोजतात, म्हणून आकडा पाहून थेट निष्कर्ष काढू नका, शाखाधिकाऱ्यांना लेखी विचारा. दोन-तीन बँकांचे तक्ते शेजारी ठेवले की फरक दिसतो. हे काम आम्ही करून देतो.

सहकारी बँकांतही मनाला पटणारे पर्याय आहेत. म्हसवडची माणदेशी महिला सहकारी बँक 1997 पासून ग्रामीण महिलांसाठी काम करते आहे. पण बँक कितीही आवडली तरी कलम 35 खालची मान्यता आणि ताजा ताळेबंद पाहिल्याशिवाय आम्ही होकार देत नाही. 2019 साली पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी) बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा अडकलेल्या ठेवीदारांचे हाल सगळ्यांनी पाहिले आहेत. म्हणून आमची ही सावधगिरी कुणाला जाचक वाटली तरी आम्ही ती सोडणार नाही.

परदेशी देणगीबाबत निवड नाही. ती आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए (परदेशी देणगी कायद्याखालच्या) खात्यातच यायला हवी. तिथून पुढे वापरासाठी दुसऱ्या शेड्युल्ड बँकेत खातं काढता येतं.

एफडीची मुदत संपण्याआधी महिनाभर आमच्याकडे या. येताना चालू पावत्या, इतिवृत्त वही आणि कुठल्या उद्योगाला आपला पैसा जाऊ नये याची तुमची यादी आणा. ठेव कुठे ठेवायची याच्या ठरावाचा मसुदा आम्ही तयार करू. ज्या विश्वस्तांचे संबंधित बँकेत हितसंबंध आहेत, त्यांनी त्या ठरावावर मत दिलं नाही अशी नोंदही त्यात असेल. जुन्या ग्राहकांना पहिल्या बैठकीचं शुल्क नाही. आपोआप नूतनीकरणाची सूचना मात्र आजच बँकेत जाऊन बंद करा, नाहीतर पावती पुन्हा त्याच मुदतीसाठी अडकेल.