ग्रामसभेचा ठराव आणि जनसुनावणीतली नोंद

गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका खाणीच्या जनसुनावणीहून परतताना आमच्या वाड्यावरच्या काकींनी बसमध्ये मला विचारलं, "ठराव झाला ना रे आपला? आता नाही ना येणार खाण?" सकाळपासून त्या तिथे बसल्या होत्या. माइकवर जाऊन दोन मिनिटं बोलल्या, आणि चांगल्या बोलल्या. सभागृह जवळजवळ सगळं विरोधात होतं, हात वर झाले होते. काकींना वाटलं, गावाने निकाल दिला. जनसुनावणीत ठराव होतच नाही, हे त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं. मीही नाही. म्हणून हे लिहितो आहे.

ग्रामसभा आणि जनसुनावणी यांत गल्लत होणं साहजिक आहे. दोन्हीकडे त्याच प्लास्टिकच्या खुर्च्या, तीच माणसं, तोच सरपंच कुठेतरी पुढे बसलेला. पण ही सभा कुणी बोलावली आणि संपल्यावर तिथून कोणता कागद बाहेर पडणार, एवढं विचारलं की दोन्ही वेगळ्या दिसू लागतात.

ग्रामसभा गावाची. ७३व्या घटनादुरुस्तीने तिला घटनेत जागा मिळाली आणि गोव्यात १९९४च्या पंचायत राज कायद्याने ती चालते. गावाच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य. निवडून आलेले पंच म्हणजे पंचायत. ग्रामसभा म्हणजे त्यांना निवडून देणारे आपण सगळे. इथे विषय मांडता येतो, सूचक-अनुमोदक मिळतात, मतभेद असले तर मत घेतलं जातं आणि ठराव होतो. सचिव तो लिहून घेतो. पुढच्या बैठकीत मागचा इतिवृत्तांत वाचला जातो तेव्हा "त्या ठरावाचं काय केलं?" असं उभं राहून विचारता येतं. वर्षभर, पुन्हा पुन्हा. ही फार मोठी सोय आहे आणि आपण ती रविवारच्या जेवणाच्या वेळेपुढे सोडून देतो, याचं मला वाईट वाटतं.

जनसुनावणी गावाची नव्हे, प्रकल्पाची. एखाद्या खाणीला किंवा कारखान्याला पर्यावरण मंजुरी हवी असते, त्या अर्जाच्या वाटेवरचा तो एक टप्पा. १४ सप्टेंबर २००६च्या केंद्रीय अधिसूचनेने तिची रीत ठरवून दिली आहे. ती भरवतं राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ, आणि अध्यक्षस्थानी असतो जिल्हाधिकारी किंवा त्याने नेमलेला, अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्याहून खालच्या दर्जाचा नसलेला अधिकारी. किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते. प्रकल्पाच्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा मसुदा लोकांना पाहण्यासाठी ठेवावा लागतो, आणि त्याचा सारांश स्थानिक भाषेतही असावा लागतो. सगळ्या कामकाजाचं चित्रीकरण होतं. मतदारयादी इथे लागत नाही आणि गणपूर्तीची अटही नाही. म्हणजे गावाने बहिष्कार टाकून सभागृह रिकामं ठेवलं, तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं. बहिष्काराचा विचार करणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यायला हवं.

आणि मत घेतलं जात नाही. पाचशे जण "नको" म्हणाले आणि पाच जण "हवं" म्हणाले, तरी तिथे कुणी मोजत नाही. कोण काय म्हणालं याची नोंद होते, त्यावर प्रकल्पवाल्याला उत्तर द्यावं लागतं, अंतिम अहवालात ते मुद्दे घ्यावे लागतात, आणि मग तज्ज्ञांची समिती सगळं तपासून शिफारस करते. निर्णय दिल्लीत किंवा राज्य पातळीवरच्या प्राधिकरणाकडे होतो.

म्हणूनच दोन्हीकडे बोलायची भाषा वेगळी हवी. ग्रामसभेत "आमच्या गावाला हे नको" हे वाक्य पूर्ण आहे, कारण गावाची इच्छा नोंदवणं हेच तिचं काम. जनसुनावणीत तेच वाक्य सर्वांत दुबळं. तिथे म्हणायला हवं: आमच्या वाड्याच्या वर बारमाही झर आहे, तिच्यावर इतकी घरं आणि इतकी कुळागरं, म्हणजे पोफळीच्या बागा, जगतात, मसुद्यातल्या पाण्याच्या प्रकरणात तिचा उल्लेखही नाही, खंदकातलं पाणी उपसल्यावर तिचं काय होणार? अशा प्रश्नाला कागदावर उत्तर द्यावंच लागतं. उत्तर टाळलं किंवा खोटं दिलं, तर तेही कागदावर राहतं. पुढे मंजुरी मिळाली आणि राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करायची वेळ आली, तर मुदत ३० दिवसांचीच असते. सबळ कारण दाखवलं तर आणखी ६० मिळू शकतात. तेव्हा हाताशी येते ती हीच नोंद. घोषणा येत नाही.

काकी माइकवर नेमकं झरीबद्दलच बोलल्या होत्या. आपण सर्वांत कामाचं बोललो हे त्यांना माहीतच नव्हतं.

ही नोंदसुद्धा कुणी ताटात वाढून दिलेली नाही. जानेवारी १९९५मध्ये फोंडा तालुक्यातल्या केरीच्या पठारावर नायलॉनचा कारखाना येऊ घातला होता. तेव्हा लोकांचं ऐकून घेण्याचं बंधन कुणावर नव्हतं. लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात नीलेश नाईक या तरुणाचा जीव गेला आणि कारखाना अखेर तमिळनाडूत गेला. जनसुनावणी देशभर बंधनकारक झाली १९९७च्या एप्रिलमध्ये. केरीमुळे झाली असं मी म्हणत नाही. पण त्या मुलाची आठवण काढल्याशिवाय मला हा विषय पुरा करता येत नाही.

आता ग्रामसभेच्या मर्यादा. तिने ठराव केला म्हणून कायद्याने दिलेला परवाना आपोआप रद्द होत नाही. पंचायतीला पाठपुरावा करायला लावावा लागतो, नाहीतर ठराव वहीत पडून राहतो. फार थोड्या ठिकाणी ग्रामसभेचा शब्द निर्णायक ठरला आहे. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १२ ग्रामसभा झाल्या, बाराही जणींनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला आणि केंद्राने मंजुरी नाकारली. तिथे वनहक्क कायदा पाठीशी होता. गोव्यातल्या सांगे-केपेच्या जंगलपट्ट्यात राहणाऱ्यांनी तो कायदा जरूर वाचावा. इतरांनी मात्र "ओडिशात झालं, आपल्याकडेही होईल" असं गृहीत धरू नये.

एक गोष्ट गोव्यात फार जणांना उशिरा कळते. मोठ्या गृहप्रकल्पांना जनसुनावणी नसते. बांधकाम आणि नगरवसाहतींना त्या २००६च्या अधिसूचनेनेच सूट दिली आहे. डोंगरउतारावर दोनशे फ्लॅट येणार असतील तर तुम्हाला कुणी माइकपाशी बोलावणार नाही. तिथे गावापाशी उरते ग्रामसभा, आणि ठराव घेण्याची वेळ असते परवाना देण्याआधीची. जेसीबी आल्यावर खास ग्रामसभा बोलावणारी गावं मी पाहिली आहेत. त्यांची तळमळ खरी होती, पण तोवर कागद पुढे गेलेले होते.

सुनावणीला जाणार असाल तर आधी घरी बसून तुमचा मुद्दा लिहा, दोन प्रती करा, एक द्या आणि दुसरीवर तारखेसह पोच घ्या. आणि शेवटपर्यंत थांबा. झालेल्या कामकाजाचा गोषवारा सभा संपताना लोकांच्या भाषेत वाचून दाखवणं बंधनकारक आहे. तुमचं म्हणणं त्यात आलं नसेल तर तिथल्या तिथे सांगता येतं. त्या दिवशी शेवटची बस चुकेल म्हणून आम्ही वाचनाआधीच उठलो होतो. काकींची झर त्या कागदावर चढली की नाही, हे ऐकायला आमच्या वाड्यावरचं कुणी तिथे नव्हतं.